संगणकशास्त्राचा विद्यार्थी आणि व्यवसाय-मार्गदर्शन

विद्यापीठीय व्यवहारात 'मार्गदर्शक' हा शब्द बहुधा प्रबंधाच्या मार्गदर्शकापुरता रूढ झाला आहे. विषयाची निवड, ग्रंथांची शिफारस व लेखनाची तपासणी ही त्याची कर्तव्ये सर्वमान्य आहेत. परंतु पदवीनंतर विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी, त्या वाटेवर त्याच्याकडून काय अपेक्षिले जाते आणि तेथे आपला निभाव लागेल काय, या प्रश्नांचे दायित्व कोणाचे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. व्यवसाय-मार्गदर्शनाचे क्षेत्र ते हेच होय.

या संबंधाचे शास्त्रशुद्ध विवेचन अमेरिकेतील संशोधिका कॅथी क्रॅम यांनी १९८३ व १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात आढळते. त्यांच्या मते मार्गदर्शकाची कार्ये द्विविध असतात. पहिला वर्ग व्यवसायविषयक कार्यांचा: योग्य ठिकाणी शिफारस करणे, जाणत्यांच्या नजरेस आणून देणे, कसोटीचे काम सोपविणे, आणि चूक झाल्यास पाठीशी उभे राहणे. दुसरा वर्ग मानसिक आधाराचा: स्वतःच्या उदाहरणाने दाखविणे, विद्यार्थ्याचा आहे तसा स्वीकार करणे, आणि त्याच्या शंका ऐकून घेणे. यांपैकी पहिली कार्ये उपयुक्त म्हणून सहज ओळखली जातात. दुसरी मात्र केवळ सौजन्याचा भाग समजून दुर्लक्षिली जातात. संगणकशास्त्राच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष महागात पडते.

त्याचे कारण या विषयाच्या स्वरूपातच आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात काही विद्यार्थी अनेक वर्षे संगणक हाताळून आलेले असतात, तर काहींनी एकही आज्ञावली लिहिलेली नसते. ही तफावत वस्तुतः पूर्वसंधीची असते. परंतु वर्गात ती बुद्धीची तफावत म्हणून वावरते. मागे असलेला विद्यार्थी मग "मला अद्याप येत नाही" असे न म्हणता "हा विषय माझ्यासाठी नाही" असा निष्कर्ष काढतो, व तो कोणाजवळ बोलूनही दाखवीत नाही.

पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी १९९५ पासून शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन या प्रश्नाचा शोध घेतला. २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले की, अनेक घरांत संगणक मुलाच्या खोलीत ठेवलेला असे, आणि मुलींचा त्याच्याशी परिचय उशिरा होई. विद्यापीठात आल्यावर अशा विद्यार्थिनींचा आत्मविश्वास प्रथम ढळे, आणि त्यामागोमाग विषयातील गोडी ओसरे. बाहेरून पाहणारास मात्र केवळ गोडी नसल्याचेच दिसे.

रोगनिदान बदलले तसा उपचारही बदलला. प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवास दिले जाणारे महत्त्व कमी करण्यात आले. पूर्वतयारीनुसार प्रारंभीचे निरनिराळे पाठ्यक्रम आखले गेले. पुढे विद्यार्थिनींच्या संघटनेमार्फत वरच्या वर्गातील विद्यार्थिनीने नवागतेस हात देण्याची प्रथाही सुरू झाली. तेथे प्रथम वर्षास प्रवेश घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९९५ साली ७ टक्के होते, ते २००० साली ४२ टक्के झाले. या वाढीचे श्रेय एकट्या मार्गदर्शनास देता येणार नाही. प्रवेशनीतीतील बदलाचा त्यात मोठा वाटा होता. तथापि प्रवेश मिळालेल्या व्यक्तीस आपण येथलेच आहोत असे वाटणे, हे काम नियमांनी साधत नाही. त्यास माणूसच लागतो.

यावरून विभागांना काही व्यावहारिक बोध घेता येतो. परीक्षक व मार्गदर्शक या भूमिका शक्यतो एकाच व्यक्तीकडे नसाव्यात. कारण जो गुण देणार, त्याच्यापुढे अज्ञान कबूल करणे कठीण असते. भेटी विद्यार्थ्याच्या मागणीवर सोडू नयेत, त्या नियमित ठरविलेल्या असाव्यात. कारण ज्यास गरज अधिक तोच सहसा दार ठोठावीत नाही. आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यास या कार्यात स्थान असावे, कारण त्याची स्वतःची धडपड अद्याप ताजी असते.

क्रॅम यांनी या संबंधाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, संवर्धन, विलगता व पुनर्रचना. यांतील तिसरी अवस्था अपयशाची निदर्शक नव्हे. विद्यार्थी स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागला म्हणजे जुने नाते सैल होणारच. पुढे ते बरोबरीच्या स्नेहात परिणत होऊ शकते. मार्गदर्शकाने सल्ला देताना ही अवस्था प्रथमपासूनच दृष्टीसमोर ठेवणे इष्ट होय.