इरिडियम टाकलं की टर्बोचं काम झालं?

'टर्बो गाडी आहे ना? मग इरिडियम प्लग टाका आणि पिकअप बघा.' नगरमध्ये स्पेअर पार्टच्या दुकानापासून गॅरेजच्या बाकड्यापर्यंत हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की ऐकणारा लगेच खिशात हात घालतो. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, फ्रॉन्क्स, कुशाक अशा टर्बो पेट्रोल गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसतात, आणि त्यांच्या मागोमाग हा सल्लाही सगळीकडे पोचला आहे. तो अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणाची किंमत इंजिन मोजतं.

इरिडियम हा एक धातू आहे. तो २४४६ अंश सेल्सिअसला वितळतो, तर साध्या प्लगमधलं निकेल १४५५ अंशांना. त्यामुळे निकेलच्या प्लगचं मधलं टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड ठेवावं लागतं आणि इरिडियमचं ०.४ ते ०.६ मिलिमीटर ठेवलं तरी टिकतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि टोक सावकाश झिजतं. इरिडियमचा फायदा इथे संपतो. ठिणगीचं काम मिश्रण पेटवायचं. ते आधीच नीट पेटत असेल तर महागड्या धातूने ताकद वाढायला जागाच उरत नाही. जुना प्लग झिजलेला असेल तर नव्याने फरक पडतो, पण तो कोणत्याही योग्य नव्या प्लगने पडला असता. शिवाय बऱ्याच टर्बो गाड्यांना कारखान्यातूनच इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग येतात. तिथे 'इरिडियम टाकून घेतलं' म्हणजे नेमकं काय नवीन केलं?

टर्बोला प्लग निवडताना पाहायच्या असतात हीट रेंज आणि गॅप. डबीवरचा 'इरिडियम' हा शब्द या दोन्हींबद्दल काहीही सांगत नाही.

आधी हीट रेंज. प्लगच्या टोकाची उष्णता आतल्या चिनी मातीच्या नळीतून धातूच्या अंगात आणि तिथून हेडमध्ये जाते. नळीचं नाक लांब असेल तर उष्णता उशिरा निघते, तो 'गरम' प्लग. आखूड असेल तर लवकर निघते, तो 'थंड'. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही आणि साचते. ८५० च्या बरंच वर गेलं तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण त्या तापलेल्या टोकाने पेटतं आणि पिस्टन जळण्याची वेळ येते. टर्बोमध्ये सिलिंडरात जास्त हवा, जास्त इंधन आणि जास्त उष्णता असते. म्हणून टर्बो इंजिनाला बहुधा थंड बाजूचा प्लग ठरवलेला असतो. गरम प्लगने ठिणगी गरम होत नाही आणि थंड प्लगने इंजिनही थंड होत नाही. फरक फक्त त्या टोकाच्या तापमानात असतो.

हे सगळं प्लगवर छापलेलं असतं. एनजीकेचा बीकेआर६ईआयएक्स-११ हा नंबर घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा पान्हा, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे, आयएक्स म्हणजे इरिडियम आणि शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. याच प्लगचा भाऊ बीकेआर७ईआयएक्स. तोही इरिडियमच, त्याच आट्यांत तसाच बसतो, पण एक पायरी थंड, आणि मागे ११ नसल्याने गॅपही लहान. दोन्ही शेजारी ठेवले तर नंबर वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. 'बसतोय ना, मग झालं' म्हणणाऱ्यांनी हे दोन प्लग एकदा हातात घेऊन पाहावेत.

कंपनी बदलली की आकड्यांचा अर्थही बदलतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ हा डेन्सोच्या २० च्या बरोबरीचा आहे. विश्वास बसत नसेल तर कंपन्यांचे तुलनात्मक तक्ते पाहा. 'सातच्या जागी सातच टाकला' हे वाक्य दोन कंपन्यांच्या बाबतीत निरर्थक आहे.

आता गॅप, म्हणजे ठिणगी ज्यांच्यामध्ये उडते त्या दोन टोकांतलं अंतर. 'गॅप वाढवा, ठिणगी मोठी होते' हा इरिडियमच्या जोडीने येणारा सल्ला. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. टर्बो दाब वाढवतो. त्यात तुम्ही अंतरही वाढवलंत तर ठिणगीला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलला ते झेपत नाही. म्हणूनच टर्बोमध्ये गॅप बहुतेक वेळा ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असतो, तर साध्या इंजिनात १.१ पर्यंतही चालतो. सावेडीत भाजी आणायला जाताना याचा पत्ता लागत नाही. गाडीत पाच माणसं बसवून करंजी घाट चढायला लागलं आणि टर्बो पूर्ण जोरात आला की गाडी मिसिंग मारते, झटके देते, इंजिनचा दिवा लुकलुकतो. मग संशय पेट्रोलवर जातो! न जळलेलं पेट्रोल तोवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवत असतं, आणि तो भाग प्लगच्या कितीतरी पट महाग आहे.

प्लग घासायची आणि अंदाजाने गॅप लावायची सवय कुठून आली, ते नगरकरांना सांगायला नको. १९७२ मध्ये आलेली कायनेटिकची लूना ही मोपेड याच शहरात बनायची. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल, त्यामुळे प्लग काळा पडायचाच. तो काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, नजरेने गॅप लावायचा आणि पुढे निघायचं. त्या इंजिनाला ते योग्यच होतं. पण अर्ध्या मिलिमीटरच्या इरिडियम टोकावर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश फिरवला तर टोकच जातं, आणि गॅपसाठी त्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर ते तुटतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. स्कॉर्पिओ, बोलेरोसारख्या टर्बो डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतोच. असतो तो थंडीत सुरू करायला मदत करणारा हीटर प्लग. तीन-चार पायांच्या प्लगला एका वेळी तीन-चार ठिणग्या पडत नाहीत, एकच पडते. रेझिस्टर नसलेल्या प्लगने जोर वाढत नाही, कंप्युटरच्या सिग्नलमध्ये मात्र अडथळा येतो. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ज्याला इथेनॉल पुरवतात, त्या ई-२० पेट्रोलचा ऑक्टेन उलट जास्त असतो, त्यामुळे हीट रेंज बदलायचं कारण नाही. आणि प्लग 'दम लावून' आवळायचा नसतो; १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, त्यापुढे ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

तेव्हा गाडीच्या पुस्तकातला प्लगचा पूर्ण नंबर, मागच्या आकड्यासकट, फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात तोच मागा. इंजिनचा कंप्युटर (ईसीयू) रीमॅप करून टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवला असेल तरच एक पायरी थंड प्लगचा विचार करा, तोही मॅप करणाऱ्याला विचारून. आणि काढलेले जुने प्लग फेकू देऊ नका, सिलिंडरच्या क्रमाने मागून घ्या. टोकाभोवतीची चिनी माती फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक आहे. पांढरीफटक आणि फोड आलेली असेल तर प्लगचं टोक जास्त तापतंय. एकच प्लग तेलकट ओला निघाला, तर नवा प्लग बसवण्याआधी त्या सिलिंडरची तपासणी करून घ्या.