घूं कुठून येते? संतुलित आणि असंतुलित ऑडिओ केबल

तत्त्वज्ञानाचा माणूस केबलवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण कोपरीत व्याख्यानाला येणारे बरेचसे श्रोते माझ्याच वयाचे. आमच्या कानांना वरचे स्वर आधीच कमी लागतात. ‘स’, ‘त’, ‘थ’ निसटतात. त्यात स्पीकरची घूं मिसळली की वक्ता नुसताच हलताना दिसतो.

ही घूं म्हणजे ५० हर्ट्झ, आपल्या विजेची वारंवारता, आणि तिच्या १००, १५० अशा पटी. आपल्याकडे बोट लगेच रेल्वेकडे जातं. ओव्हरहेड तार २५ हजार व्होल्टची, तीही ५० हर्ट्झची, म्हणून संशय स्वाभाविक. पण बहुतेक वेळा गुन्हेगार हॉलमध्येच असतो. मिक्सर एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर. दोन अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक, आणि त्यांना जोडणारी आपली केबल. मग तिच्या जाळीतून प्रवाह वाहणारच.

असंतुलित केबलमध्ये मधे एक तार आणि भोवती जाळी. या जाळीला दोन नोकऱ्या: बाहेरचा उपद्रव अडवायचा, आणि सिग्नलची परतीची वाटही व्हायचं. अर्थिंगचा प्रवाह त्याच वाटेने गेला की जाळीच्या रोधामुळे तयार होणारा व्होल्टेज थेट आवाजात मिसळतो.

संतुलित केबलमध्ये पीळ दिलेल्या दोन तारा आणि वेगळी जाळी. टेलिफोनसाठी असा पीळ देण्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं. आता इथे एक गैरसमज. एका तारेत अधिक आणि दुसरीत तितकाच उणे सिग्नल म्हणजे संतुलन, असं सांगतात. पुष्कळदा तसं असतंही, पण ती व्याख्या नव्हे. दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इम्पीडन्स सारखा असणं, हे संतुलन. तो सारखा असला की उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच उमटतो, आणि पुढचं यंत्र फक्त दोघींतला फरक उचलतं. ‘सामान्य’ टाकायचं, ‘विशेष’ ठेवायचा. वैशेषिक दर्शनात या शब्दांचे अर्थ निराळे आहेत, पण लक्षात राहायला बरं.

मग निवड कशी करायची? माइकचा सिग्नल मिलिव्होल्टमधला, तिथे संतुलितच हवी. घरी प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत दीड मीटर असंतुलित केबल उत्तम चालते. लांबी वाढली की दुसरी अडचण येते. शील्डेड केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. १० मीटरची झाली १०००. उगमाचा इम्पीडन्स १० किलोओहम असेल तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचे स्वर चांगलेच पडतात. उगम १०० ओहमचा असेल तर हीच मर्यादा १६ लाख हर्ट्झवर जाते! म्हणजे दोष एकट्या केबलचा नसतोच.

केबल घरी करता येते. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, मीटरने वायर आणि सुटे कनेक्टर मिळतात. एक्सएलआरला पिन १ जाळी, २ अधिक, ३ उणे. दोन्ही टोकांना तेच. सोल्डर करण्याआधी कनेक्टरचं टोपण वायरीत ओवून घ्या, नाहीतर सगळं पुन्हा सोडवावं लागतं. तारेला आधी सोल्डरचा हात द्या, मग पिनला, मग दोन्ही एकत्र. शेवटी मल्टिमीटर लावून प्रत्येक पिन पलीकडे पोचते का आणि शेजारणीला चिकटली नाही ना, हे बघा.

असंतुलित प्लेअर संतुलित मिक्सरला जोडायचा असेल तरी केबल दोन तारांचीच घ्या. प्लेअरच्या जॅकच्या मधल्या टोकापासून पिन २, बाहेरच्या कड्यापासून दुसरी तार पिन ३ ला, आणि जाळी कड्यापासून पिन १ ला. अर्थिंगचा प्रवाह जाळीतून जातो, सिग्नलची परतीची तार बरीचशी मोकळी राहते.

तरीही घूं आली तर अन्वय-व्यतिरेक वापरा. एकेक जोडणी काढा. काय असताना आहे, काय नसताना नाही? लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेली, तर दोन्ही यंत्रं एकाच सॉकेट-बोर्डवर घेऊन बघा, किंवा मधे एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला.

पण प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. त्याने घूं थांबते, म्हणूनच तो उपाय धोक्याचा. आत बिघाड झाला तर यंत्राच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि तोच पत्रा केबलच्या जाळीतून माइकपर्यंत जातो. गणपतीच्या मांडवात, ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस तो माइक हातात घेतो.

एका श्रोत्यांनी विचारलंय: सोन्याच्या मुलाम्याचे जॅक घ्यावेत का? आपल्या दमट हवेत ते काळे पडत नाहीत, एवढा फायदा खरा. आवाज मात्र सोनेरी होत नाही.