साठी उलटली, तरी पोर्ट ड्युटीवर!

डायनासोर पाहायचा तर पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानात जावं. पण संगणकाच्या जगातला डायनासोर आजही कामावर हजेरी लावताना पाहायचा असेल, तर कासारवाडी ओलांडून भोसरी एमआयडीसी गाठावी. तिथल्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या) मशीनच्या पॅनेलवर, तेलकट झाकणाखाली, पंचवीस भोकांचा एक पोर्ट असतो. नाव आरएस-२३२. त्याची आणि त्याच्या भाऊबंदांची ही चटपटीत ओळख.

महाराष्ट्राचा समवयस्क

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आणलं १९६० साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच वर्षी! तेव्हा सीएनसी डोळ्यांपुढे नव्हतंच. टेलिप्रिंटरसारखं यंत्र मोडेमला जोडायचं, एवढाच हेतू होता. कोणत्या तारेवर कोणता संकेत, किती व्होल्ट, कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हे एकदा कागदावर ठरलं. १९६९ साली आलेली ‘सी’ आवृत्ती इतकी रुजली, की कित्येक मशीनच्या मॅन्युअलमध्ये अजून ‘आरएस-२३२-सी’ असंच छापलेलं दिसतं. अमेरिकेबाहेर हेच काम तीन वेगळ्या मानकांनी वाटून घेतलं : संकेतांसाठी व्ही.२४, व्होल्टेजसाठी व्ही.२८ आणि कनेक्टरसाठी आयएसओ २११०.

‘एक’ म्हणजे उणे

या पोर्टवर १ हा आकडा उणे ३ ते उणे १५ व्होल्टने पाठवतात आणि ० पाठवतात अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टने. मधल्या पट्ट्याला काहीच अर्थ नाही. लाईन रिकामी असते तेव्हा ती ‘एक’वर, म्हणजे उणे व्होल्टवर थांबलेली असते. म्हणून अनोळखी केबल हातात आली, की जाणकार माणूस मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला लावतो आणि लाल पिन एकेका तारेवर टेकवतो. जिथे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास आकडा दिसेल, ती बहुधा पाठवणारी तार. नकाशा नसला तरी अर्धं काम झालं!

दोन-तीनचा घोळ

संगणकाच्या ९ पिनांच्या पोर्टवर २ नंबरची पिन ऐकते आणि ३ नंबरची बोलते. २५ पिनांच्या पोर्टवर नेमकं उलटं : २ बोलते, ३ ऐकते. त्यामुळे दोन २५ पिनी पोर्ट जोडताना २ आणि ३ च्या तारा उलटसुलट कराव्या लागतात. पण ९ पिनी संगणक २५ पिनी मशीनला जोडताना २ ला २ आणि ३ ला ३ अशा सरळ तारा ओढल्या, की जोडणी आपोआप बरोबर होते. उरतं ते ग्राउंड : ९ पिनी बाजूची ५ आणि २५ पिनी बाजूची ७. पंचवीस पिनांच्या पोर्टवर प्रत्यक्ष गाडा चालतो तो या तीन तारांवर!

पिन नंबर २५ पासून जपून

फॅनुक कंपनीच्या सीएनसी कंट्रोलवर असलेल्या या पोर्टच्या पंचविसाव्या पिनेवर २४ व्होल्ट येतात. पूर्वी प्रोग्रामची कागदी टेप वाचणारं बाहेरचं यंत्र चालवायला ती सोय होती. म्हणूनच बाजारातली सगळ्या पिना जोडलेली तयार केबल इथे लावू नये. संगणकाचा पोर्ट जळू शकतो. कामाची केबल हाताने सोल्डर केलेली असते. तीन तारा, आणि मशीनच्या बाजूला ४-५ एकत्र, ६-८-२० एकत्र. या आखूड लूपमुळे मशीनला समोरचं यंत्र कायम तयार आहे असा संकेत मिळत राहतो.

मेमरी मोजा मीटरमध्ये

जुन्या सीएनसीची मेमरी विचारा. उत्तर येईल : ८० मीटर, १६० मीटर, ६४० मीटर! ही कागदी टेपची लांबी आहे. एका इंचात दहा अक्षरं छिद्रांनी लिहीत, म्हणजे मीटरला सुमारे ३९४. या हिशोबाने ६४० मीटरची मेमरी भरते अडीच लाख अक्षरांत. मोबाईलवरचा एक साधा फोटोही त्याहून मोठा असतो. ४८०० च्या बॉडरेटने, म्हणजे सेकंदाला ४८०० बिटच्या वेगाने, एवढा मजकूर पाठवायला दहाएक मिनिटं लागतात. मोल्ड आणि डायचे प्रोग्राम याहून कितीतरी लांब असतात. म्हणून ते मेमरीत न साठवता संगणकावरून ओळीमागून ओळ सोडत राहतात आणि मशीन तिकडे कापत राहतं. वर्कशॉपच्या भाषेत याचं नाव ड्रिप फीड.

टेप गेली, ‘पंच’ राहिलं

फॅनुकच्या स्क्रीनवर प्रोग्राम बाहेर पाठवण्याच्या बटणावर लिहिलेलं असतं ‘पंच’. कारण तो पूर्वी खरोखरच कागदी टेपवर छिद्रं पाडून बाहेर यायचा. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टाकायचं % हे चिन्हही टेपच्या काळातलंच. सेटिंगमधली ‘इव्हन पॅरिटी’ तिथूनच आली : आयएसओ पद्धतीच्या टेपवर प्रत्येक अक्षराची छिद्रं सम संख्येत असत, जुन्या ईआयए पद्धतीत विषम. छिद्रांची संख्या बिघडली की वाचणाऱ्या यंत्राला चूक तिथल्या तिथे कळे.

हिंजवडीतही तोच सूर

हा पोर्ट फक्त भोसरीचा असं समजू नका. पिंपळे गुरवमधून रोज हिंजवडीला जाणाऱ्या नेटवर्क इंजिनीअरला विचारा. नवाकोरा राउटर किंवा स्विच पहिल्यांदा सुरू करायचा, की त्याच्या कन्सोल पोर्टला केबल लावायची आणि बॉडरेट ९६०० ठेवायचा. सॉकेट दिसायला लॅनसारखं, पण आतले संकेत बहुतेक वेळा आरएस-२३२ चेच! आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा घरोघरचे मोडेम संगणकाला जोडले जात ते याच पोर्टने.

पंधरा मीटर की बाराशे?

आरएस-२३२ ची केबल जुन्या नियमाने साधारण १५ मीटर. शॉपफ्लोअर लांबलचक असेल तर? त्यासाठी १९८३ साली आरएस-४८५ आलं. त्यात दोन पिळलेल्या तारांमधला फरक वाचला जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. केबल पोहोचते १२०० मीटरपर्यंत, आणि एकाच जोडीवर मूळ मानकाप्रमाणे ३२ उपकरणं बसतात.

परमच्या पोटातली जोडणी

पिंपळे गुरवहून औंधमार्गे गणेशखिंडीला गेलं, की विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक लागतं. तिथे १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार सिरियल लिंक होत्या, सेकंदाला २ कोटी बिटपर्यंत वेगाच्या. आरएस-२३२ ची जुनी मर्यादा सेकंदाला २० हजार बिटची, म्हणजे हजारपट फरक. मात्र तत्त्व तेच : एकामागून एक बिट पाठवायचा.

चाकणच्या गाड्यांमधले ६० ओहम

चाकणमध्ये तयार होणाऱ्या गाड्यांच्या स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. तिथवर येणाऱ्या ज्या कॅन बसवर, म्हणजे दोन तारांच्या सामाईक जोडीवर, गाडीतले कंट्रोलर बोलतात, ती बॉशने १९८६ साली जगापुढे मांडली. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. गाडी पूर्ण बंद करून ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावला, तर बऱ्याच गाड्यांत ६० ओहम दिसतात. १२० दिसले, तर कुठेतरी तार तुटल्याची शंका घ्यावी.

घरातलं हिरवं टोक

एकामागून एक बिट पाठवण्याचं हेच काम घरापर्यंत प्रकाश करतो. फ्लॅटमध्ये आलेल्या फायबरचा प्लग बहुधा हिरवा असतो. हिरवा म्हणजे काचेचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं, म्हणजे परावर्तित प्रकाश आल्या वाटेने थेट परत जात नाही. निळ्या प्लगचं टोक असं तिरकं नसतं, म्हणून हिरव्याशी निळा जोडू नये. प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम ९ मायक्रोमीटरचा. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उघड्या टोकात कधीही डोकावू नका.

आजच करायचं काम

सहा दशकांपूर्वी लिहिलेल्या मानकामुळे भोसरीतल्या लहान उद्योजकाचं जुनं मशीन आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतं. मध्ये फक्त एक यूएसबी कन्व्हर्टर लागतो. मानक उघडपणे लिहून ठेवलं, म्हणून मशीन भंगारात जाण्यापासून वाचलं. तुमच्याकडे असं मशीन असेल तर तीन गोष्टी करा. केबलची पिनजोडणी आणि बॉडरेट, पॅरिटी, स्टॉप बिट कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. केबल लावताना-काढताना दोन्ही बाजूंची पॉवर बंद ठेवा. आणि कंट्रोलची मेमरी बॅटरीवर टिकत असेल, तर बॅटरी संपण्याआधी पॅरामीटर आणि प्रोग्रामचा बॅकअप घ्या. बॅटरी मेली की तेही जातात, आणि दुरुस्तीच्या कोटेशनमधला सर्वांत मोठा आकडा मग त्यांचाच असतो.