तलवार गेली, पवित्रे राहिले

अकोला जिल्ह्यातील अडगावची 29 नोव्हेंबर 1803 ची लढाई आणि पाठोपाठ डिसेंबरात झालेला गाविलगडाचा पाडाव यांनंतर वऱ्हाडात तलवारीचे दिवस भरत आले, आणि पुढे 1878 च्या इंग्रजी शस्त्रकायद्याने तर परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. त्याआधी दोनच वर्षे जपानच्या मेइजी सरकारनेही सामुराईंना कमरेला तलवार लावण्यास मनाई केली होती. दोन्हीकडे शस्त्र गेले तरी त्याचे शिक्षण उरले, याचे श्रेय पराक्रमाच्या कथांपेक्षा सरावाच्या साध्या साधनांना द्यावे लागते.

जपानमध्ये बांबूच्या कामट्यांची 'शिनाई' आणि अंगरक्षक चिलखत अठराव्या शतकापासून रूढ होत गेले, तर मराठी आखाड्यांत फरी-गदका होता. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली तलवारीएवढी काठी आणि फरी म्हणजे हातातली लहान ढाल. डोक्यावरच्या वाराला 'शिर', कानशिलावरच्याला 'तमाचा' म्हणत, आणि वार करण्याआधी पायांचे पवित्रे घोटून घेतले जात. दांडपट्ट्याची रीत निराळी असते, कारण त्याची मूठ कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबणीत बंदिस्त असल्याने मनगट वळत नाही, सारी फेक खांद्यातून आणि कमरेतून काढावी लागते, आणि लवचीक पाते जरा चुकले तरी फिरवणाऱ्याच्याच अंगावर येते.

क्योटोत 1895 मध्ये स्थापन झालेल्या 'दाई निप्पोन बुतोकु काई'ला राजाश्रय मिळाला आणि 1911 मध्ये केंदो, म्हणजे शिनाईचा खेळ, माध्यमिक शाळांत शिरला. वऱ्हाडात हे काम सरकारच्या मदतीवाचून उभे राहिले. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले, आणि मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. मात्र प्रात्यक्षिकाला टाळ्या पुरतात, सामन्याला प्रतिस्पर्धी लागतो. केंदोने गुणांची स्पर्धा जपली आणि आपले शस्त्रखेळ बहुतांशी मिरवणुकीत व संमेलनात रमले. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला खरा, पण समोरासमोर खेळता येणारा फरी-गदका, ज्यावर शिकाऊ पोरांचा हात बसत असे, त्या मानापासून दूरच राहिला.