पावरीतली पहिली, मराठीतली चौथी

घरची भाषा, शाळेची भाषा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या ओजिब्वे शाळांची ओळख करून घेतली. विस्कॉन्सिन राज्यातल्या लॅक कोर्ट ओरेल्स या आदिवासी वसाहतीत या शतकाच्या सुरुवातीला वाडूकोडाडिंग ही शाळा निघाली. तिथली मुले घरून इंग्रजी घेऊन येतात आणि शाळेत ओजिब्वेत शिकतात, गणितापासून मेपलचा रस आटवून साखर करण्यापर्यंत सगळे. अस्खलित बोलणारे आता बहुतेक म्हातारेच उरले आहेत. पुष्कळ शिक्षकांना ही भाषा मोठेपणी शिकून घ्यावी लागते.

आपल्याकडे असा प्रयोग करायचा म्हटले की नंदुरबारचे नाव सहज पुढे येते. पण तिथे गणित नेमके उलटे आहे. अक्राणी तालुक्यातल्या, म्हणजे धडगावकडच्या पाड्यावरचे सहा वर्षांचे पोर पावरी फडाफडा बोलते. अक्कलकुवा-तळोद्याकडे वसावी आणि देहवली, नवापुरात मावची. जिल्ह्यात आदिवासी २०११च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांच्या आसपास, आणि देशभरात भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक. (एवढे असूनही भिली आठव्या अनुसूचीत नाही.) म्हणजे भाषा घरात धडधाकट आहे. ती मुकी होते ती शाळेच्या उंबरठ्यावर.

पहिलीच्या वर्गात काय होते ते पाहू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलापुढे एकच काम असते, ओळखीच्या शब्दाची खूण ओळखणे. ‘घर’ हा शब्द त्याने हजारदा ऐकलेला असतो, आता तो फळ्यावर दिसतो एवढेच. पावरी मुलाला अक्षर नवे, शब्द नवा आणि शिकवणाऱ्याची सूचनाही नवी. तरी पोर हुशार असते, ते अक्षरे जोडायला शिकते. दुसरी-तिसरीत धडा मोठ्याने वाचूनही दाखवते. तपासणीला आलेला अधिकारी खूश होतो. धड्यात कोण कुठे गेले हे विचारले की मात्र वर्ग गप्प बसतो. या गप्प बसण्याला आपण ‘आदिवासी मुले लाजरी असतात’ असे नाव देऊन मोकळे झालो आहोत. आपल्या शिक्षणव्यवस्थेने स्वतःची करून घेतलेली ही सर्वांत सोयीची समजूत.

दोष एकट्या गुरुजींचा नाही. धुळे-जळगावकडून बदली होऊन आलेल्या गुरुजींच्या घरची अहिराणीही कधी शाळेत घेतली गेली नव्हती. त्यांनी ती शाळेबाहेर ठेवली, तसेच मुलांनी करावे असे त्यांना वाटले तर नवल नाही. शिवाय आश्रमशाळेत पावरी, वसावी, मावची बोलणारी मुले एकाच बाकावर येऊ शकतात. मग कोणाच्या भाषेत शिकवायचे, हा प्रश्न खराच अवघड आहे.

याच जिल्ह्यात एक उत्तर शोधले गेले, तेही सरकारी खात्याबाहेर. सरदार सरोवराच्या बुडितातल्या गावांमध्ये शाळा एक तर नव्हत्या किंवा कागदावर होत्या. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९१-९२च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू केल्या, पुढे काठावरच्या इतर गावांतही. शिक्षक त्याच गावांतले आदिवासी तरुण. सुरुवातीचे शिकवणे पावरीतून, लिपी देवनागरी, आणि पुस्तके नसल्याने तीही गावातल्या गोष्टी-गाणी गोळा करून घडवलेली. ओजिब्वे शाळांना ज्यासाठी म्हाताऱ्यांची मनधरणी करावी लागते, ते इथे पाड्यापाड्यावर आयते मिळत होते. या मुलांसाठी होळी, जंगल, महू हा निबंधाचा विषय नव्हता, रोजचा व्यवहार होता. धरणाचे पाणी चढले तसे काही शाळांना जागाही बदलावी लागली. मुले चौथीची परीक्षा मात्र मराठीत देत राहिली, आणि पुढे शिकून त्यांच्यातलेच काही जीवनशाळेत शिक्षक झाले.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथेसुद्धा पावरी ही मराठीपर्यंत पोचवणारी शिडीच राहिली. चौथीनंतर मूल आश्रमशाळेत गेले की शिडी काढून घेतली जाते. पावरीत भूगोल किंवा अपूर्णांक शिकता येतील, ही शक्यता कोणी गांभीर्याने तपासलेली दिसत नाही. कायदा आडवा येतो असेही नाही. घटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. २००९चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२०चे राष्ट्रीय धोरणही तेच म्हणतात, फक्त ‘शक्य असेल तिथे’ अशी पळवाट ठेवून. ओडिशाने साधारण २००७ पासून दहा आदिवासी भाषांत शाळा सुरू करून शक्य असल्याचे दाखवले, नंतर ही संख्या वाढवली.

माझ्या मते नंदुरबारला ओजिब्वे पद्धतीच्या शाळेची गरज नाही. बुडालेली भाषा वर काढणे वेगळे आणि वाहती भाषा न अडवणे वेगळे. इथे निदान पाचवीपर्यंतची पावरी, वसावी, मावचीतली पुस्तके हवीत आणि शिक्षक नेमताना ‘तुम्हाला मुलांची भाषा येते का’ हा एक प्रश्न हवा. एवढे करायला नवा कायदा लागत नाही.

गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने सरकारची वाट न पाहता २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि शिक्षण खात्याने तिला विनापरवाना ठरवून नोटीस धाडली. त्याविषयी पुढच्या लेखांकात.