वैराट : डोळ्यांदेखत झालेली रिठी

वऱ्हाडात ओसाड पडलेल्या गावाला रिठी म्हणतात. कागदावर नाव राहतं, माणूस राहत नाही. जुन्या रिठ्यांची कारणं विचारली की म्हातारी माणसं पटकी, दुष्काळ, पेंढारी अशी नावं घेतात. मेळघाटातल्या रिठ्या मात्र आपल्याच डोळ्यांदेखत झाल्या, वाघासाठी.

वैराट त्यांतली सगळ्यात उंचावरची. गाविलगड रांगेचं हे सर्वोच्च ठिकाण, ११७८ मीटर. विराट राजाची नगरी ती हीच, असं इथली माणसं सांगतात; भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं तो कीचकदरा, म्हणजे चिखलदरा. महाभारतातला हा राजा खरा की खोटा, देव जाणे. गवळी मात्र खरे. गाविलगडाच्या नावातच ते आहेत आणि चिखलदऱ्याचा खवा अजून त्यांच्याच म्हशींचा.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी उठली. २००८ मध्ये गाव सोडणाऱ्या कुटुंबामागे दहा लाखांची योजना आली आणि वैराट, चुर्णी, गुल्लरघाट, केलपाणी अशी नावं यादीत वाढत गेली. अनेकांना अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर जागा मिळाली.

अशा जागी आता काय दिसतं? कुडाच्या भिंती एक-दोन पावसाळ्यांत मातीला मिळतात. जिथे ज्वारी होती तिथे गवत माजतं, आणि त्या गवतावर सांबर, गवे येतात. वाघाचं भलं झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथल्या कोरकू आदिवासींच्या गावाला वेशीवर मुठवा देव असतो, मेलेल्यांच्या नावाने कोरलेले लाकडी मुंडे असतात. घराचे पैसे मोजता येतात. मुंड्याचे कसे मोजायचे? सपाटीवर जमीन, दवाखाना, रोजगार नीट मिळाला नाही म्हणून काही गावांचे लोक परत जंगलात शिरले. जानेवारी २०१९ मध्ये त्यातून वनखात्याशी मोठा संघर्ष झाला. पैसे दिले की पुनर्वसन झालं, हा हिशेब तिथेच चुकला.

वैराट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात आहे, तेव्हा परवानगीशिवाय जाऊ नका. गेलात तर गाइडला वाघाआधी एक विचारा : इथे घरं कुठे होती?