उरलेला स्नेह

भाविकहो, आज त्रिपुरी पौर्णिमा. तारकासुराच्या तीन पुत्रांची तीन नगरे श्रीशंकरांनी एकाच बाणाने दग्ध केली, त्याचे हे स्मरण. सायंकाळी दीपमाळ उजळेल, तळीच्या पायऱ्या पणत्यांनी भरून जातील. आमच्या कोकणपट्टीत नारळ हाच कल्पवृक्ष. म्हणून पुष्कळ घरी देवापुढे खोबरेलच जळते.

परंतु उद्या प्रातःकाळी काय? वाती विझलेल्या आणि तळाशी काजळीने काळवंडलेले तेल. देवाचे ते पाण्यात सोडावे, या समजुतीने आम्हीही ते वर्षानुवर्षे देवळाच्या तळीत ओतीत आलो. तेलाचा तवंग पाण्याला हवेपासून तोडतो. आतले जीव गुदमरतात. एका पौर्णिमेनंतर काठाशी मेलेले मासे दिसले. त्या रात्री कीर्तनात भूतदयेचे निरूपण करताना आमची जीभ अडखळली.

या तेलाला दुसरी गती आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डीझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. मात्र तेल दाट; खोबरेल तर थंडीत थिजते. ते इंजिनास मानवण्यासाठी पातळ करावे लागते. तेलाच्या प्रत्येक कणात एका ग्लिसरिनशी तीन मेदाम्ले जखडलेली असतात. तेल गाळून, त्यातील पाणी उडवून, त्यात कॉस्टिक सोडा विरघळविलेले मेथिल अल्कोहोल घालतात आणि साठेक अंश उष्णतेवर घुसळतात. तिन्ही मेदाम्ले सुटतात व अल्कोहोलशी जोडली जातात. जड ग्लिसरिन तळाशी बसते, वर तरंगते ते बायोडीझेल. वजनाने जवळजवळ मूळ तेलाइतकेच. तेल फार जुने, आंबट झालेले असेल तर साबणच अधिक होतो. म्हणून आधी त्यातील आम्लता काढावी लागते.

हा प्रयोग घरी मात्र कोणी करू नये. मेथिल अल्कोहोल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. आपले काम एवढेच, की दिव्यांतले व तळणीचे उरलेले तेल पाणी न मिसळता डब्यात साठवावे आणि ते गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावे. देवस्थानांनी त्यासाठी एक पिंप ठेवावे. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापविणे आरोग्यास घातकच. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर मर्यादा घातली आणि अशा तेलाचे बायोडीझेल करण्याची योजनाही आरंभिली.

कोणी विचारील, देवाचे तेल यंत्रात घालावे काय? आमचे उत्तर असे : निर्माल्याचे खत होऊन ते तुळशीच्या मुळाशी जाते, तेव्हा आपण त्यास विटाळ मानीत नाही. संस्कृतात तेलास आणि प्रेमास एकच शब्द आहे, स्नेह. देवापुढे जळून जो उरला, तो स्नेह जीवांना गुदमरविण्याकरिता नसावा. कोणा वाटसरूची गाडी घरी पोहोचविण्याकरिता असावा. यंदा तळीत केवळ दिव्यांचे प्रतिबिंब पडो.